एसआय जॉइंटचं जुनं दुखणं: फ्यूजन करावं की आरएफए?

गोदाकाठची: वय ३८, नाशिक. दुसऱ्या बाळंतपणापासून पाच वर्षं उजवा एसआय जॉइंट (कंबरेमागे पाठीचा कणा कमरेच्या हाडाला मिळतो तो सांधा) दुखतोय. कूस बदलताना, जिना चढताना, स्कूटरवरून उतरताना कळ येते. आठ महिने फिजिओ केली, पट्टा बांधते. सी-आर्मखाली (चालू एक्स-रेवर बघत) स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, दीड महिना बरं गेलं. सर्जन फ्यूजन म्हणतात, म्हणजे ऑपरेशन करून सांधा कायमचा जोडून टाकायचा; पेन क्लिनिकवाले आरएफए, म्हणजे सांध्याच्या नसा तापवून बंद करायच्या. मेडिक्लेम नाही, दीड लाखाच्या आत बसायला हवं. कोणी केलंय का?

रानवारा: ताई, ऑपरेशनच्या फंदात पडू नका. माझं माकडहाड वर्षभर दुखत होतं. चाळीस हजारांची गादी आणली, महिन्यात थांबलं.

बोरकूट: माकडहाड म्हणजे अगदी खालचं टोक हो. एसआय म्हणजे कंबरेमागे दोन खळ्या असतात ना, त्यांच्या आसपास.

रानवारा: माझंही खळीपाशीच दुखायचं. आणि गादी कापसाचीच हवी.

दादरकर७२: माझ्या मेहुण्याने न्यू जर्सीत करून घेतलं. छोटासा छेद, आत टायटॅनियमचे तीन त्रिकोणी दांडे, दुसऱ्या दिवशी घरी. आयफ्यूज म्हणतात त्या दांड्यांना, तिकडे २००८ सालीच मान्यता मिळालीय. करायचं तर तेच, पैशाकडे बघू नका.

गोदाकाठची: पैशाकडेच बघावं लागतंय, दादा.

पायवाट: माझ्यावर काय बेतलं ते सांगतो. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल-४ एल-५ मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली, तिचं ऑपरेशन झालं, दुखणं जागच्या जागी. वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी सांध्यात भुलीचं औषध सोडलं, अर्ध्या तासात कळ गायब. तुम्ही इंजेक्शननंतर पहिल्या एक-दोन तासांत जिना चढून पाहिलात का? दीड महिन्याचा आराम स्टेरॉइडचा, पहिल्या तासांतला सोबतच्या भुलीच्या औषधाचा. दुखणं त्याच सांध्याचं आहे का, हे त्या पहिल्या तासांत कळतं. तेव्हा फरक पडला नसेल तर फ्यूजनचा विचारच सोडा.

मोगरा: एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी केलीत का? माझ्या भावाची कंबर सकाळी तासभर आखडायची, हिंडलं की मोकळी. निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात. त्याला संधिवाताचे डॉक्टर लागतात, गोळ्या-इंजेक्शनांवर आहे.

बोरकूट: आरएफए करा. मी दोनदा केली. सांध्याकडून येणाऱ्या बारीक नसा सुईने तापवून बंद करतात, संध्याकाळी घरी. पहिल्यांदा अकरा महिने आराम, दुसऱ्यांदा आठ. नसा परत वाढतात, मग पुन्हा करायची.

रानवारा: मीही तेच म्हणतोय, ऑपरेशन नको.

दादरकर७२: दरवर्षी सुया टोचून घ्यायच्या, त्यापेक्षा एकदाच काय ते.

पायवाट: फ्यूजन केलंत तर काही आठवडे वॉकर लागेल, त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही. घरात माणूस हवं. तंबाखू-मिश्री असेल तर आधी बंद, हाड जुळायला अडथळा येतो.

गोदाकाठची: सगळ्यांचे मनापासून आभार. बी२७ निगेटिव्ह आहे, एमआरआयमध्ये सूज नाही. इंजेक्शननंतर हॉस्पिटलचा जिना दोनदा चढले होते, कळ आली नव्हती. फ्यूजनच करतेय, पण आयफ्यूज नाही, साध्या स्क्रूने. ते ढिले पडण्याची भीती जास्त, हे सर्जननी स्पष्ट सांगितलंय. दर वर्षी रजा काढून नसा जाळून घेणं मला जमणार नाही. दीड लाखाच्या वरचे पैसे पतसंस्थेतून उचलतेय. मे महिन्यात आई सहा आठवडे येतेय, मुलांकडे ती बघेल.

पायवाट: ऑपरेशननंतर सीटी किंवा एक्स-रे कधी काढायचा, ते आत्ताच विचारून ठेवा.

बोरकूट: कमोडची उंच सीट लागेल. सासूबाईंची आमच्याकडे पडून आहे, पुण्याहून पाठवते. पत्ता मेसेज करा.