तारांकित प्रश्नासाठी मुद्दे पाठवा

धाकटे काका: आमदाराच्या माणसाचा फोन आला होता. नागपूरच्या अधिवेशनात आपल्या भागाचे प्रश्न टाकाचे हायत, मुद्दे पाठवा म्हणते. घरकुल, दवाखाना अन् पोलीस. ज्याले जे लिहाचं हाय ते आज रातीपर्यंत इथंच लिहा.

आत्या: माह्या घरकुलाचं लिहा बाप्पा. जोतं बांधून झालं, पैशाचा पत्ता नाई.

जावईबापू: दरवर्षी प्रश्न विचारतात, दरवर्षी मंत्री "कार्यवाही सुरू आहे" म्हणतात, आणि अधिवेशन संपतं. कापसाची वेचणी सोडून आपण हे कशाला लिहीत बसायचं?

मी: जावईबापू, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण मी मागच्या काही अधिवेशनांची छापील उत्तरं वाचली आहेत, त्यावरून सांगतो. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. "हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?" आता यात आपण "तालुक्यात अनेक घरकुले रखडली आहेत, हे खरे आहे काय" असं घातलं, तर उत्तर येतं "हे अंशतः खरे आहे". खाली कार्यवाहीच्या दोन ओळी, आणि विलंबाच्या कारणापुढे "प्रश्न उद्भवत नाही". मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, हेच होतं. "अनेक" लिहिलं की निसटायला वाट आपणच करून देतो. आकडा मागितला, तारीख मागितली, कोणत्या टप्प्यावर अडलं ते मागितलं, तर खात्याला तालुक्यापासून माहिती गोळा करावीच लागते.

मोठे काका: बरोबर आहे. शिवाय तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि आमदाराला लगेच उपप्रश्न विचारता येतो. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. पण प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखीच मिळतात. म्हणून मूळ प्रश्नच पक्का पाहिजे, उपप्रश्नाच्या भरवशावर राहू नये. खासदारांनाही हेच पाठवायचं का रे?

मी: काका, दवाखाना आणि पोलीस दिल्लीत विचारून फार हाती लागत नाही. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत आहेत. लोकसभेत विचारलं की उत्तराच्या पहिल्याच ओळीत "हा राज्याचा विषय आहे" येतं. घरकुलाचं वेगळं आहे. प्रधानमंत्री आवासमध्ये ६० टक्के पैसा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. तो प्रश्न दोन्हीकडे टाकायचा, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. खासदारांना मात्र आताच सांगावं लागेल, लोकसभेत प्रश्नाची सूचना पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते.

आत्या: ते दिल्ली-नागपूर तुम्ही पाहा. माह्यं आयका. पोळ्याच्या वक्ताले पोट्ट्यानं येऊन जोत्याचा फोटो काढला. मले बाजूले उभं केलं, हात खाली ठेवा म्हणे. मोबाईलवर दाखवलं बी, आत्याबाई तुमचं चढलं म्हणे. त्याले आता दिवाळी होऊन गेली. जुनं घर पाडून टाकलं, तं टिनाच्या छपरात राहून राह्यलो. मातीवर झोपून थंडीनं हाडं दुखते.

मी: आत्या, तुमच्या फोटोचीच तारीख आपल्याला पाहिजे. तो फोटो जिओटॅग होतो, म्हणजे कोणत्या जागेवर, कोणत्या दिवशी काढला हे संगणकात राहतं. पैसे कोणत्या दिवशी खात्यात आले तेही त्याच संगणकात राहतं. या दोन तारखांमधलं अंतर मंत्र्याला विचारायचं. "घरकुले मंजूर केली का" असं विचारलं की मंजुरीचा मोठा आकडा सांगून मोकळे होतात, आणि आत्यांचं घरही त्या मंजुरीत मोजलेलं असतं.

धाकटे काका: एक लाख वीस हजारात घर होते का आता? रेती, गिट्टी, लोखंड, मिस्त्री. मिस्त्रीच किती घेते ते पाह्य.

मी: सपाट भागात एक लाख वीस हजार, हीच रक्कम २०१६ ला योजना सुरू झाली तेव्हापासून आहे. सोबत रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार वेगळे धरलेत. राज्यानं २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या घरकुलांसाठी आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. पाच ब्रास रेती मोफत देण्याचंही धोरणात आहे. आत्या, तुम्हाला रेती मिळाली का?

आत्या: इकत घेतली. फुकटाची रेती कोनी पाह्यली?

मी: मग तोही भाग घालू. किती लाभार्थ्यांना रेतीचा पास दिला, आणि किती जणांनी प्रत्यक्ष रेती उचलली. फक्त पास मोजू द्यायचे नाहीत.

मोठे काका: वरच्या वेटाळातल्या त्या दोन कुटुंबांचंही लिही. यादीत नाव आहे, पण नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-जागेच्या नोंदवहीत, जागा नाही. दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला आता एक लाखापर्यंत मदत आहे. पण गावठाणात विकत द्यायला जागा आहे कोणाकडे? तालुक्यात किती बेघर केवळ जागा नाही म्हणून थांबले आहेत, हे विचारलंच पाहिजे. माझ्या मते सगळ्यात गरीब माणूस तिथेच अडकला आहे, आणि त्याचा पहिला हप्ताच निघत नाही, म्हणून तो रखडलेल्यांतही मोजला जात नाही.

मधली वहिनी: भाऊजी, दवाखान्याचं मी सांगते. मी आशा म्हणून रोज पाहते. लोक लिहितात "डॉक्टर नाही, पदे रिक्त आहेत". असं विचारू नका. कागदावर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची दोन्ही पदं भरलेली आहेत. एक डॉक्टर डेप्युटेशनवर दुसरीकडे आहेत, पगार इथून निघतो. मंत्री म्हणतील, पदे भरलेली आहेत. आणि ते खोटंही ठरणार नाही.

मी: वहिनी, हे फार कामाचं सांगितलं. मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि त्यांपैकी प्रतिनियुक्तीवर किती, असे तीन रकाने मागायचे.

मधली वहिनी: चौथाही मागा. रात्री मुक्कामी कोण राहते. सोयाबीन काढताना त्या बाईला साप चावला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. सिस्टर एकटी होती. तिनं सलाइन लावली, धीर दिला, पण सर्पदंशाचं इंजेक्शन डॉक्टर असल्याशिवाय द्यायला ती घाबरली. ते दिल्यावर कधी कधी रिअॅक्शन येते, तिचंही चुकलं नाही. १०८ आली, जिल्ह्याला नेलं, बाई वाचली. पण रस्ताभर तिची पोरगी माझा हात धरून होती, नखं रुतली तरी सोडला नाही. इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं. म्हणून "औषध उपलब्ध आहे का" हा प्रश्नही पुरत नाही. गेल्या वर्षी सर्पदंशाचे किती रुग्ण आले, किती जणांना तिथेच इंजेक्शन दिलं आणि किती जणांना न देता पुढे पाठवलं, हे विचारा. रेफर रजिस्टर असते, त्यात सगळं आहे.

मोठे काका: सूनबाई, हे जसंच्या तसं जाईल.

मधली वहिनी: आणि सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराच्या, पोरांच्या गोळ्या. तपासणी किती केली ते दरवेळी सांगतात. गोळ्या दर महिन्याला मिळाल्या का, ते कोणी विचारत नाही.

जावईबापू: हे ऐकून मलाही लिहावंसं वाटतं. लोकसंख्येचा निकष काय आहे? आमच्याकडे एकाच केंद्रावर फार गावं आहेत.

मी: साधारण भागात तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात वीस हजाराला. उपकेंद्र पाच हजाराला, आदिवासी भागात तीन हजाराला. तुमच्या केंद्राखालच्या गावांची बेरीज करून पाठवा, तीही घालतो.

धाकटे काका: आता माह्यं. विहिरीवरची केबल दोनदा कापून नेली. तांबं काढून इकते. पहिल्यांदा ठाण्यात गेलो तं साधा अर्ज घेतला, पोच देल्ली नाई. दुसऱ्यांदा किंमत इचारली, मी म्हटलं जुनी व्हती, चारेक हजार धरा. तं म्हणे अदखलपात्र होते, जा.

मी: काका, किंमत सांगताना घाई करू नका. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यात पाच हजारांच्या आतली चोरी काही अटींवर अदखलपात्र धरली आहे. मग पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. तुमची केबल नवीन घ्यायला किती लागले, त्याचं बिल जोडा. आणि दखलपात्र गुन्हा असून ठाण्यात लिहून घेतला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे लेखी तक्रार थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची.

मोठे काका: सभागृहात "चोऱ्या वाढल्या आहेत काय" विचारलं, तर गुन्ह्यांचा आकडा येईल, आणि तो कमीच येईल. नोंदच नाही तर वाढणार कसा?

मी: तेच. म्हणून शेतातल्या मोटार आणि केबल चोरीचे ठाण्यात एकूण अर्ज किती आले, गुन्हे किती नोंदले, अदखलपात्र म्हणून किती सोडले आणि माल किती परत मिळाला, असं विचारायचं. आणि मंजूर पोलीस किती, प्रत्यक्ष किती. एका ठाण्याखाली एवढी गावं असताना रात्रीची गस्त फक्त कागदावर होते, त्या शिपायांनाही ते नको असतं. पोलीस पाटलांची रिकामी पदंही विचारा. रात्री दोन वाजता वावरात काय झालं ते पहिल्यांदा त्यालाच कळतं.

जावईबापू: समजा चांगलं उत्तर आलं. पुढे?

मोठे काका: मंत्र्यानं सभागृहात "तीन महिन्यांत करू" म्हटलं की ते आश्वासन होतं. त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, ती खात्याकडे पाठपुरावा करते. आणि छापील उत्तर हातात आलं की तो शासनाचाच कागद असतो. गटविकास अधिकाऱ्यांपुढे तो ठेवून बोलता येतं, आकडा चुकीचा वाटला तर त्यावर माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं, ते इकडच्या माणसाचं गाऱ्हाणं जवळून ऐकलं जावं म्हणूनच. आपण लिहून दिलंच नाही तर ते ऐकतील काय?

मी: मसुदा टाकतो, पाहून घ्या.

"तालुक्यात प्रधानमंत्री आवास, रमाई आणि शबरी योजनेतील ज्या घरकुलांच्या जोत्याचे छायाचित्र नोंदले जाऊन साठ दिवसांहून अधिक काळ लोटला, तरी पुढील हप्ता मिळालेला नाही, अशा लाभार्थ्यांची ग्रामपंचायतनिहाय संख्या किती, व जागेअभावी पहिलाही हप्ता न मिळालेले लाभार्थी किती; प्राथमिक आरोग्य केंद्रांतील मंजूर, भरलेली व प्रतिनियुक्तीवरील पदे किती, मुख्यालयी मुक्कामी राहणारे वैद्यकीय अधिकारी किती, गेल्या वर्षी सर्पदंशाच्या किती रुग्णांना प्रतिविष न देता पुढे पाठविण्यात आले; शेतातील विद्युत मोटार व केबल चोरीचे प्राप्त अर्ज, दाखल गुन्हे व अदखलपात्र नोंदी किती?"

मधली वहिनी: सिकलसेल राहिलं.

मी: घातलं.

मोठे काका: हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. ग्रामविकास, आरोग्य आणि गृह, तीन खाती. एकत्र दिलं तर कोणत्याच मंत्र्याकडे धड जाणार नाही. तोड, आणि तीन वेगळे कागद कर.

आत्या: साठ दिवस काहून लिहिलं? तीस लिह्य. साठ दिवसात पोळ्याचं जोतं बी पावसानं खचते.

मी: तीस केलं, आत्या. वेगळे कागद करून रात्री काकांच्या नंबरवर पाठवतो.

धाकटे काका: पाठव. सकाळी बसनं जाऊन मीच हाती देतो, अन् पोच घेतो.