स्टेटस पेज त्याच सर्व्हरवर ठेवावे का?

मांजराकाठ (लातूर):
आमच्या शिकवणी वर्गाच्या सराव परीक्षा कार्यालयातल्याच एका उबुंटू सर्व्हरवर चालतात. इंटरनेट जोडणी सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे बाहेरून थेट पोहोचता येत नाही) असल्याने संकेतस्थळ क्लाउडफ्लेअर टनेलमधून, म्हणजे सर्व्हरने स्वतः क्लाउडफ्लेअरकडे उघडलेल्या वाटेने, बाहेर दिले आहे. त्याच यंत्रावर डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) अपटाइम कुमा हा संकेतस्थळावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसवून विद्यार्थ्यांसाठी स्टेटस पेजही (सेवा चालू की बंद हे दाखवणारे पान) सुरू केले होते. परवा रात्री ऐन परीक्षेत वीज गेली, तासाभरात इन्व्हर्टरही दमला आणि संकेतस्थळ व स्टेटस पेज दोन्ही एकदम बंद पडली. मला टेलिग्रामवर एकही सूचना आली नाही. पालकांचे फोन मात्र वाजत राहिले. ही व्यवस्था नेमकी कशी असावी?

गोदातीर (नांदेड):
यंत्रच बंद पडल्यावर त्यावरचा कुमा सूचना पाठवणार कसा? तो लातूरच्या बाहेर, भाड्याच्या एखाद्या छोट्या व्हीपीएसवर (दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील आभासी सर्व्हरवर) हलवा. एवढ्या कामाला 1 जीबी रॅम पुरते.

कंटेनर चालवताना कुमाचे पोर्ट 3001 फक्त 127.0.0.1 या पत्त्यावर (म्हणजे त्याच यंत्रापुरते) उघडा आणि पुढे एनजिनएक्स हा बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारा वेब सर्व्हर ठेवा. डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालत असल्यामुळे यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या सोप्या फायरवॉल साधनात पोर्ट बंद केले तरी ते बाहेरून उघडेच राहू शकते. या गोष्टीने मी स्वतः एकदा फसलो आहे. कंटेनरमधील डेटाच्या फोल्डरसाठी व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची कायमची साठवण) अवश्य जोडा, नाहीतर नवी आवृत्ती घेताना सगळ्या नोंदी पुसल्या जातील. ते व्हॉल्यूम एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) ठेवू नका, कारण कुमा नोंदी ठेवतो त्या एसक्यूलाइट डेटाबेसला ते मानवत नाही.

कुंडलिका (जालना):
वरील सल्ला योग्यच आहे, पण केवळ बाहेरून संकेतस्थळ तपासले तर बिघाड टनेलचा की कार्यालयातला, हे कळणार नाही. त्यासाठी कुमामध्ये 'पुश' प्रकारचा दुसरा मॉनिटर (तपासणी) जोडावा, ज्यात सर्व्हरच कुमाला 'मी चालू आहे' असा संदेश पाठवतो. तो एक गुप्त टोकन असलेला पत्ता देतो. लातूरच्या सर्व्हरने क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) दर मिनिटाला त्या पत्त्यावर कर्ल (वेब पत्त्याला विनंती पाठवणारी आज्ञा) करायचे. बाहेरची तपासणी फसली आणि पुश येत राहिला, तर टनेल पाहा. दोन्ही थांबले, तर वीज किंवा इंटरनेट.

येथे एक चूक सर्रास होते. क्रॉनने नुसता पुश पाठवला तर यंत्र जिवंत असल्याचे कळते, परीक्षा चालू असल्याचे नव्हे. म्हणून आधी स्थानिक पत्त्यावर परीक्षेचे पान कर्लच्या 'एफ' पर्यायाने तपासावे, जेणेकरून 500 सारखा सर्व्हरमधील बिघाडाचा प्रतिसाद आला तरी आज्ञा अयशस्वी ठरेल, आणि ती यशस्वी झाली तरच पुश जाईल. पुश किती वेळात यायला हवा ही मॉनिटरची मुदत 60 सेकंद ठेवू नये. क्रॉनला दोन सेकंदांचा उशीर झाला तरी खोटी ओरड होते. 120 ठेवावी.

मांजराकाठ (लातूर):
दोघांचेही आभार. काल सायंकाळी सर्व बदल केले. कुमाचा डॅशबोर्ड सुरुवातीला सॉकेट सर्व्हरशी जोडणी होत नसल्याचेच सांगत राहिला. एनजिनएक्समध्ये वेबसॉकेटसाठी (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील सतत उघड्या जोडणीसाठी) लागणारे 'अपग्रेड' व 'कनेक्शन' हे हेडर घातल्यावर तो उघडला. नंतर कार्यालय रिकामे झाल्यावर इन्व्हर्टरसकट मुख्य बटण बंद करून अंधारात बसलो. दोन मिनिटांच्या आत फोनवर पुश थांबल्याची सूचना आली. स्टेटस पेज मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडून पाहिले, तेथेही परीक्षेसमोर लाल पट्टी होती.