प्लॅस्टर निघाल्यानंतरचे दिवस : नाशिककरांचे अनुभव

हाड मोडले की घरात धावपळ होते, शेजारणी डबे आणून देतात, नातेवाईक भेटून जातात. प्लॅस्टर निघाले की मात्र दुखणे संपले असे सगळेच धरून चालतात. गेल्या वर्षी जुलैमध्ये गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर ओल्या पानांवरून पाय घसरून मी पडले, सावरण्यासाठी हात टेकला आणि उजवे मनगट मोडले. प्लॅस्टरच्या सहा आठवड्यांत जेवढा त्रास झाला, त्याहून अधिक नंतरच्या चार महिन्यांत झाला, कारण त्या काळात रोज काय करायचे असते हे अनुभवाने सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून दुखापतीतून उठलेल्या, किंवा घरातल्या कुणाला उठवलेल्या सर्वांनी येथे लिहावे अशी मनापासून विनंती आहे. औषधांच्या नावांपेक्षा दिनक्रम, आहार, व्यायाम आणि झालेल्या चुका यांविषयी लिहिलेत तर त्याचा इतरांना अधिक उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून करते. प्लॅस्टर कापले तेव्हा आतला हात माझा वाटेना. मनगट बारीक झाले होते, कातडीचे पापुद्रे सुटत होते आणि मूठ वळायला गेले तर बोटांची टोके तळव्यापासून दोन बोटे दूरच थांबत होती. तळहात वर वळत नव्हता, त्यामुळे तीर्थ घेता येईना, कुलपात किल्ली फिरेना आणि फडके पिळता येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले की प्लॅस्टर असताना बोटे, कोपर आणि खांदा हलवत होतात का. मी हात गळ्यात अडकवून स्वस्थ बसले होते, कारण विश्रांती म्हणजे काहीच न हलवणे अशी माझी समजूत होती. मोकळे असलेले सांधे पहिल्या दिवसापासून हलवत राहिले असते, तर एवढा ताठरपणा आला नसता.

मग रोज तीन वेळा मी पातेल्यातल्या कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून ठेवू लागले आणि नंतर कणकेचा लिंबाएवढा गोळा मुठीत घेऊन सावकाश दाबू लागले. गोळ्यावर उमटलेले बोटांचे ठसे मी पाहत असे. पहिल्या आठवड्यात करंगळीचा ठसा उमटतच नव्हता, तो तिसऱ्या आठवड्यात दिसू लागला. किल्ली दहाव्या आठवड्यात फिरली आणि भरलेला कुकर एका हाताने उचलायला चौथा महिना उजाडला. एक गोष्ट पन्नाशी ओलांडलेल्या भगिनींसाठी मुद्दाम लिहिते: उभ्या उंचीवरून नुसते पडून मनगट मोडले, तर हाडांची घनता तपासून घ्यावी. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होतात आणि ते बहुधा पहिल्या फ्रॅक्चरलाच कळते.

इंदिरानगर

माझे हाड मोडले नव्हते, तरीही लिहितो. श्रावणात अंजनेरीवरून उतरताना शेवाळलेल्या दगडावरून घसरलो आणि घोटा आतल्या बाजूला मुरगळला. घरी येताच मोठ्यांनी प्रेमाने गरम तेलाने चोळून दिला आणि विटेने शेकला. सकाळी पायात चप्पल जाईना एवढी सूज आली होती. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले, पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट फाटला होता. पहिले दोन-तीन दिवस चोळणे आणि शेकणे टाळायचे, बर्फ थेट कातडीवर न लावता फडक्यात गुंडाळून एका वेळी पंधरा-वीस मिनिटे धरायचा, पट्टी बांधून पाय उशीवर उंच ठेवायचा, हे मला तेव्हा कळले. आमच्या घरात मुरगळण्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेक चालत आला आहे; तो चुकीचा नाही, त्याची वेळ सूज ओसरल्यानंतरची आहे.

पुढे पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढण्याचा व्यायाम मिळाला. ‘क’पासून सुरुवात करायची आणि घोटा दुखू लागेल त्या अक्षरावर थांबायचे. ‘ग’पर्यंत पोहोचायला आठवडा लागला. त्यानंतर दात घासताना एका पायावर उभे राहायचे, कारण लिगामेंटला इजा झाली की तोल सांभाळण्याची घोट्याची जाणीवही मंदावते आणि तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. तीन महिन्यांनी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो. चढताना काही वाटले नाही. घोट्याची खरी परीक्षा उतरताना झाली.

पिंपळगाव बसवंत

मी द्राक्षबागायतदार आहे. ऑगस्टमध्ये ट्रॉलीवरून पडून हासळीचे हाड मोडले. त्याला प्लॅस्टर नसते, हात झोळीत ठेवतात. डॉक्टरांनी तीन-चार आठवड्यांनी झोळी काढून खांदा हलवायला सांगितले होते, पण दुखते म्हणून मी ती अडीच महिने वापरली. त्यात मला मधुमेह आहे. खांदा असा धरला की सदऱ्याच्या बाहीत हात घालायला घरच्यांची मदत लागू लागली. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा जास्त वेळा धरतो, हे मला त्यानंतर समजले.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला मी बांधावर उभा होतो आणि माणसे माझ्या बागेत काम करत होती. ज्याने वीस वर्षे स्वतःच्या हाताने काडी निवडली, त्याला तिथे उभे राहणे किती जड जाते हे शेतकऱ्यालाच कळेल. व्यायाम साधे होते: पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत वर जायचे. शेडच्या भिंतीवर मी रोज पोहोचलेल्या उंचीची पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहीत असे. कधी आठ-आठ दिवस रेघा एकाच जागी पडत. साखर आटोक्यात ठेवण्यासाठी रात्रीचे जेवण लवकर घेऊ लागलो आणि जेवल्यावर बागेच्या कडेने अर्धा तास चालू लागलो. फेब्रुवारीत माल निघत असताना मांडवाच्या तारेला हात लागला. दिवसभर हात वर धरून करायची विरळणीची कामे मात्र अजून मी टाळतो, आणि पुढच्या हंगामातही घाई करणार नाही.

सातपूर

माझा नऊ वर्षांचा मुलगा झाडावरून पडला. गावाकडच्या हाडवैद्यांवर आमच्या घराचा विश्वास आहे, म्हणून आधी तिकडेच नेले. त्यांनी बांबूच्या कामट्या लावून हात घट्ट बांधला. रात्री मुलगा झोपेना. बोटे गार आणि निळसर पडली होती आणि मी एक बोट हळूच सरळ केले तर तो किंचाळला. बायकोने त्याच क्षणी पट्टी कापली आणि आम्ही रात्रीच रुग्णालय गाठले. आवळल्यामुळे आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटत चालला होता आणि आणखी काही तास गेले असते तर हात कायमचा निकामी झाला असता, असे सांगण्यात आले. मी कुणावर राग धरून लिहीत नाही. पट्टी कुणीही बांधलेली असो, प्लॅस्टर असले तरीही, बोटांचा रंग, ऊब आणि मुंग्या यांवर पहिले दोन दिवस लक्ष ठेवावे आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

अंबड

नडगीच्या हाडात रॉड आहे. पाच महिने झाले तरी एक्स-रेत हाड जुळताना दिसेना, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला किती बिड्या ओढता असे विचारले. धुरामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर लागतो, हे त्यांनी समजावल्यावर मी बिडी सोडली. नवव्या महिन्यात हाड जुळले. एवढेच लिहायचे होते.

निमंत्रक

दोघींनी आहाराविषयी विचारले आहे. मी पेठ-सुरगाण्याकडची नागली आणून रोज एक भाकरी खाल्ली. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे गहू-तांदळाच्या कित्येक पट. पण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाही असतो, म्हणून डाळ, कुळीथ, दही आणि चालत असेल तर अंडे रोज हवे; नुसत्या डिंकाच्या लाडवांनी वजन वाढते आणि ते दुखऱ्या पायावर येते. उन्हाबाबत माझाही गैरसमज होता. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते त्या वेळचे ऊन त्यासाठी लागते. उन्हाळ्यात थोडाच वेळ बसावे, आणि तपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील ती मात्रा घ्यावी. अन्न आणि ऊन ही उपचाराला जोड आहे, उपचाराच्या बदली नाही.

पंचवटी

आईचे वय 74. रात्री न्हाणीघराकडे जाताना पायपुसण्यात पाय अडकून ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. अर्धा सांधा बदलावा लागला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभे केले तेव्हा मला ते निर्दयपणाचे वाटले होते. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात पडून राहणे किती महागात पडते, पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, हे कळल्यावर मीच तिच्यामागे लागू लागले.

घरी आल्यावर सर्वांत अवघड गेले ते तिचे जमिनीवर बसणे सोडवणे. मांडी घालायची नाही, पाटावर बसायचे नाही, उकिडवे बसायचे नाही. साठ वर्षे जमिनीवर बसून पूजा करणाऱ्या बाईला हे सांगताना माझाच घसा दाटून येई. शेवटी देव्हारा टेबलावर उंच घेतला आणि समोर हात टेकायची खुर्ची ठेवली. पायपुसणी काढून टाकली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आणि वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवला. ही कामे तीनशे-चारशे रुपयांपासून होतात आणि पडण्याआधीच करायला हवी होती.

पहिल्या महिन्यात ती खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येई. मी पावले मोजत असे, तर ती म्हणाली, “मोजू नकोस गं, मला घाई होते.” त्यानंतर मी मोजणे सोडले आणि सोबत चालू लागले. आता वॉकर जाऊन हातात काठी आली आहे. अकराच्या सुमारास ती गच्चीवर खुर्चीत बाह्या वर सारून बसते, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडते, आणि निवडून झाले की मला हाक न मारता स्वतः उठून सूप आत आणून ठेवते.