स्पॅनिश पसरवली कुणी, राजाने की प्रजासत्ताकांनी?

पैलतीर: 1492 मध्ये भाषापंडित नेब्रिखाने कॅस्टिलियनचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं, व्याकरण स्पेनच्या राणी इसाबेलापुढे ठेवलं. प्रस्तावनेतच म्हटलं की भाषा ही कायम साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. त्याच वर्षी कोलंबस निघाला. आज स्पॅनिश 20 देशांत अधिकृत आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत आहे. माझ्या मते हे सगळं तलवारीचं काम.

शब्दवेल्हाळ: अजिबात पटत नाही. तलवारीनेच भागलं असतं तर फिलिपिन्स आज स्पॅनिश बोलला असता. 1565 ते 1898 अशी 333 वर्षं स्पेनचं राज्य होतं. पण स्पेनहून येऊन वसणारे मूठभर, पाद्री टागालोगसारख्या स्थानिक भाषा शिकून प्रवचनं देणार, आणि सरकारी प्राथमिक शाळांचा हुकूम निघाला थेट 1863 मध्ये. पस्तीस वर्षांत अमेरिकन आले आणि शाळा इंग्रजी झाल्या. उरली ती तिथल्या झांबोआंगा शहराची चावाकानो, स्पॅनिशपासून बनलेली मिश्र भाषा. 'मी खाल्लं' याला स्पॅनिशमध्ये 'कोमी', चावाकानोत 'या कोमे यो'. शब्द स्पॅनिशच, पण क्रियापद बदलत नाही. भूतकाळ तो 'या' सांगतो. राज्य होतं, शाळा नव्हत्या, म्हणून असं झालं.

गारंबी: शब्दवेल्हाळांशी सहमत. मेक्सिकोत तर 1570 मध्ये स्पेनचा राजा दुसऱ्या फिलिपनेच मूळ रहिवाशांसाठी नाहुआत्लला, म्हणजे अॅझ्टेकांच्या भाषेला, अधिकृत दर्जा दिला होता. धर्मप्रसाराला तीच सोयीची. फक्त कॅस्टिलियन चालवा, असं राजा तिसऱ्या कार्लोसने फर्मावलं ते 1770 मध्ये, म्हणजे राज्य जायला जेमतेम पन्नास वर्षं उरली असताना. खेड्यापाड्यांत स्पॅनिश नेली ती नंतरच्या प्रजासत्ताकांच्या शाळांनी आणि सैन्यभरतीने. लॅटिनसारखी ही भाषाही वेगवेगळ्या भाषांत फुटेल, या धास्तीने भाषापंडित आंद्रेस बेयोने 1847 मध्ये चिलीत व्याकरण छापलं, तेही मुद्दाम स्पॅनिशभाषक अमेरिकेतल्या लोकांसाठी.

पैलतीर: फिलिपिन्सचा मुद्दा मान्य. पण ती प्रजासत्ताकं चालवली कुणी? स्पॅनिश वसाहतवाल्यांच्याच वंशजांनी. देवी आणि गोवराने मूळची माणसं आधीच लाखोंनी गेली होती आणि शहरं स्पॅनिश झाली होती. शाळेची भाषा कोणती, हे तिथेच ठरलं. फिलिपिन्सला हे दोन्ही घडलं नाही.

गारंबी: मग पॅराग्वेचं काय? सत्ता तशाच वर्गाची, तरी घराघरात ग्वारानी ही मूळ रहिवाशांची भाषा टिकली, कारण आलेल्या मोजक्या स्पॅनिश पुरुषांच्या घरात मुलांची आई ग्वारानी होती. 1992 च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत केलं. शहर कुणाचं यापेक्षा घरात आई कुठली, हे मी आधी विचारेन.