मदत हवी आहे: नैवाशा सरोवरात (केनिया) होडीतून पाणघोडे आणि पक्षी पाहण्याविषयी

सर्वांना नमस्कार,

येत्या फेब्रुवारीत आम्ही पुण्याहून केनियाला जात असून मसाई मारा अभयारण्याकडे जाण्याआधी नैवाशा सरोवराच्या काठी दोन रात्री राहण्याचा बेत आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि आठ वर्षांचा मुलगा असेल. आईचे गुडघे दुखतात, पण घरात पक्ष्यांचे सर्वांत जास्त वेड तिलाच आहे. त्यामुळे तिला काठावर बसवून आपण फिरून यावे, हा पर्याय तिनेच मोडीत काढला आहे. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत या भागासाठी ‘बोट राइड, एक तास’ एवढीच ओळ आहे आणि अधिक काही विचारले की ‘तिथे गेल्यावर सगळे होईल’ असे उत्तर मिळते.

माझी पहिली काळजी पाणघोड्यांची आहे. २०१८ मध्ये याच सरोवराच्या काठावर छायाचित्रे काढणाऱ्या एका तैवानी पर्यटकाचा पाणघोड्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. ती घटना जमिनीवरची होती, हे मला ठाऊक आहे. परंतु दीड टनाचा प्राणी पाण्याखाली दिसेनासा होऊन होडीजवळ वर आला तर नावाडी काय करतो, आणि कळपापासून किती अंतर राखावे असे आपण त्याला आधीच बजावू शकतो का, हे जाणून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न चढण्या-उतरण्याचा. गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी बरीच वाढली आणि २०२० मध्ये काठावरच्या वस्तीत पाणी शिरले, असे वाचले आहे. अशा स्थितीत धक्के शाबूत आहेत का, की गुडघाभर पाण्यातून होडीत चढावे लागते?

तिसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. मत्स्यगरुडाला बोलावण्यासाठी नावाडी मासा पाण्यात फेकतात, असे अनेक चित्रफितींत दिसते. आपल्याकडे कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठी टाकणाऱ्यांवर आई नेहमी चिडते, त्यामुळे तिथे तो प्रकार नको असे सांगितले तर चालते का?

अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी नोकरीनिमित्त नैरोबीत राहतो आणि भारतातून पाहुणे आले की त्यांना घेऊन नैवाशाला जाणे होतेच.

सर्वप्रथम वेळ सकाळची ठरवा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तेथे वर्षभर साडेसहाच्या सुमारास उजाडते, त्या वेळी पाणी शांत असते आणि उन्हाचा कडकपणा यायला अवकाश असतो. दुपारनंतर वारा सुटला की सरोवरात चांगल्याच लाटा उठतात. उघड्या फायबरच्या होडीत पाणी अंगावर उडते आणि गुडघे आखडलेल्या माणसाला ते हेलकावे सोसत नाहीत. पहाटे गारठा असतो, म्हणून आईंसाठी स्वेटर हाताशी ठेवा.

पाणघोड्यांविषयी तुमची काळजी रास्त आहे. दिवसा ते कळपाने काठालगतच्या उथळ पाण्यात पडून असतात आणि चरण्यासाठी रात्री बाहेर पडतात. त्यांना बिथरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे खोल पाण्याकडे जाण्याची वाट अडणे. त्यामुळे जाणता नावाडी कळप आणि खोल पाणी यांच्यामध्ये होडी कधीच घालत नाही. तो कळपाची ही वाट मोकळी ठेवून दूर आणि तिरका थांबतो, आणि इंजिन बंद न करता मंद चालू ठेवतो. पाणघोडा चार-पाच मिनिटे सहज पाण्याखाली राहू शकतो, म्हणून मोजलेल्या डोक्यांपैकी एखादे नाहीसे झाले की होडी मागे घेणे हाच उपाय असतो. निघण्यापूर्वी ‘जवळ नेल्याबद्दल जादा पैसे मिळणार नाहीत’ असे हसत पण स्पष्ट सांगा, कारण पुष्कळदा पर्यटकांच्या आग्रहामुळेच अंतर कमी होत जाते. आणि मुक्कामाच्या जागी अंधार पडल्यावर हिरवळीवरून एकटे चालू नका. पहारेकरी खोलीपर्यंत सोडतो, तो केवळ शिष्टाचार नव्हे.

धक्क्यांची स्थिती जागोजागी वेगळी आहे आणि पाण्याबरोबर बदलत राहते. काही ठिकाणी तरता धक्का असतो, तर काही ठिकाणी होडीचे नाक चिखलात रुतवून वर एक फळी टाकतात. तुमच्या हॉटेलला थेट ईमेल करून सध्याच्या धक्क्याचे छायाचित्र मागवा. सहल कंपनीच्या भरवशावर राहू नका.

वाढलेल्या पाण्यात बुडून वाळलेली बाभूळवर्गीय झाडे आजही उभी आहेत आणि पक्षी पाहण्यासाठी तीच सर्वोत्तम जागा आहे. पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत राहतो, पेलिकनांचे थवे दिसतात आणि जलपर्णीच्या तरंगत्या पट्ट्यांवर कमळपक्षी चालताना सापडतो. आईंना तासभर पुरणार नाही, दोन तासांची होडी घ्या. सरोवरातल्या क्रेसेंट बेटावर जिराफ व झेब्र्यांमध्ये पायी हिंडता येते, परंतु तेथे बरेच चालावे लागते आणि प्रवेशशुल्क वेगळे असते. तुमच्या जागी मी ते वगळले असते.

माशाविषयी सांगायचे तर, नावाडी माशाच्या तोंडात पपायरस या पाणवनस्पतीच्या देठाचा तुकडा खुपसतो, म्हणजे मासा तरंगतो; मग तो शीळ घालतो आणि झाडावरचा गरुड झेप घेतो. छायाचित्र उत्तम मिळते, पण गरुडाबरोबर तो देठही उचलला जातो आणि मला हा प्रकार आवडत नाही. नको म्हटल्यास कोणी रागावत नाही. मात्र या खेळावर नावाड्याची बक्षिसी अवलंबून असते, म्हणून मासा न फेकताही ती मिळेल हे सुरुवातीलाच सांगावे. मत्स्यगरुड तेथे एवढे आहेत की थोडा धीर धरल्यास ते आपणहून शिकार करताना दिसतात.

मूळ धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. हॉटेलला आजच ईमेल करतो. एकच शंका उरली: मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट तेथे मिळेल का?

प्रतिसाद २

मोठ्यांची असतात, लहान मापाची खात्री देता येत नाही. आमच्या मुलीला दिलेले जॅकेट डोक्यावरून निसटत होते. पुण्याहूनच घेऊन जा आणि ते साधे फोमचे घ्या. गॅसच्या नळकांडीने फुगणारे असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते.