मामाच्या डब्यातली रोमन नाणी, ओळखायची कशी आणि किंमत किती धरायची?

रंकाळा_फेरी:
मंडळी मदत करा जरा. मामा मर्चंट नेव्हीत होता, आता रिटायर होऊन कोल्हापुरातच असतोय, कपाट आवरताना नाण्यांचा एक डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला रोमन हायत, तुर्कस्तानात बंदरावर एका म्हाताऱ्याकडनं घेतली होती, बघ तुला काय कळतंय का. मला तर काय कळत नाही.

१) तांब्याचं बारकं, रुपयापेक्षा लहान, काळपट हिरवं. एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला दोन शिपाई उभे आणि मधे दोन झेंड्यासारखं काहीतरी. खाली एस एम के ए अशी अक्षरं.
२) चांदीसारखं, एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला माणूस, मागं खुर्चीवर बसलेली बाई. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात वजन केलं, २.७ ग्रॅम भरलं.
३) जाड, राखाडी, वेडंवाकडं, हातात घेतलं की जड लागतंय. एका बाजूला धनुष्यबाण दिसतोय. हे कुठनं आलं ते मामालाबी आठवत नाही.

ऑनलाइन जाहिरात बघून एकाला फोन केला तर तो म्हणाला दोन नंबरचं येशूच्या काळातलं आहे, दोन लाख देतो, पण आधी रजिस्ट्रेशनचे साडेतीन हजार पाठवा. पाठवू का? आणि चिंचेनं घासून ठेवू का म्हणजे फोटो नीट येतील.

नाणेवेडा_शाहूपुरी:
पैसे पाठवू नकोस भावा!! जुन्या नाण्यांच्या नावाखाली फी मागायचा हा धंदा लई जुना आहे, रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये यावर इशारापण दिला होता. आणि चिंच, लिंबू, ब्रासो, रांगोळी काही म्हणजे काही लावायचं नाही, तो काळपट हिरवा थर म्हणजेच नाण्याची अब्रू, तो गेला की नाणं निम्म्या किमतीचं. फार तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेव, अधनंमधनं पाणी बदल आणि मऊ ब्रशनं माती काढ. फक्त फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून लांब ठेव, तो ब्राँझला लागणारा रोग आहे.

आता एक नंबरचं. दोन शिपाई आणि मधे दोन ध्वज म्हणजे 'ग्लोरिया एक्झर्सिटुस', सैन्याचा गौरव, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं, साधारण इसवी सन ३३० ते ३३५ मधलं. पुढं ध्वज दोनाचा एक झाला आणि नाणंबी हलकं झालं, म्हणून ध्वज मोजायचे असतात. खालची अक्षरं टाकसाळीची, 'के' म्हणजे किझिकोस शहर, ते आजच्या तुर्कस्तानातच येतं म्हणजे मामाची गोष्ट जुळतीय, आणि शेवटचा 'ए' म्हणजे तिथला पहिला कारखाना. आता डोक्याभोवतीची अक्षरं वाच, यू च्या जागी व्ही असतो हे ध्यानात ठेव. कॉन्स्टंटिनुसच्या पुढं 'मॅक्स ऑग' (थोर सम्राट) असेल तर बाप कॉन्स्टंटाइन, 'इउन नोब सी' (धाकटा, युवराज) असेल तर त्याच नावाचा पोरगा.

किंमत विचारशील तर ही नाणी पोत्यानं पाडली होती राव, झिजलेलं असेल तर पाचशे ते हजार, अक्षरं सगळी वाचता येत असतील तर दोनेक हजार. सतराशे वर्षं जुनं आहे म्हणून लाखाचं होत नाही.

हुपरीकर:
दोन नंबरवर मी बोलतो, चांदीत जन्म गेलाय. तू सांगतोयस ते रोमन सम्राट टायबेरियसचं दिनार, म्हणजे चांदीचं नाणं, मागची बसलेली बाई, तिच्याभोवती 'पाँटिफ मॅक्झिम', म्हणजे मुख्य पुरोहित. टायबेरियस इसवी सन १४ ते ३७ गादीवर होता म्हणजे येशूच्या काळातलं हे खरंच आहे, बायबलमधल्या कराच्या नाण्याशी लोक त्याचं नाव जोडतात म्हणून त्याचा भाव उगाच चढलेला असतोय आणि म्हणूनच नकलाबी त्याच्याच जास्त. खरं असेल तर वजन साडेतीन ते पावणेचारच्या आसपास पाहिजे, तुझं २.७ म्हणजे शंका आलीच. कडेला भिंग लाव. बारीक शिवण दिसली किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ओतीव आहे, रोमन लोक दिनार ठोकून पाडायचे, ओतायचे नाहीत. अजून एक, दोऱ्यानं पाण्यात लटकवून वजन घे, मूळ वजनाला जेवढं कमी झालं त्यानं भाग, चांगल्या चांदीला उत्तर दहाच्या वर यायला पाहिजे, सात-साडेसात आलं तर बंदरावरच्या म्हाताऱ्यानं मामाला कथिल विकलंय. पण एवढं बारकं नाणं असल्यावर काटा मिलिग्रॅमवाला पाहिजे, किराणा दुकानातला नको. गुजरीत कुणी कसोटीच्या दगडावर घासतो म्हणाला तर घासू देऊ नको.

ब्रह्मपुरीचा_आवाज:
तुम्ही सगळे रोमनमागं लागलाय आणि खरी मजा तीन नंबरमधे आहे!! राखाडी, जड, धनुष्यबाण म्हणजे ते शिशाचं, आपल्या कोल्हापूरच्या कुर राजांचं नाणं असणार. विळिवायकुर, सिवलकुर अशी नावं, जुन्या ब्राह्मी लिपीत लिहिलेली, धनुष्यबाणाच्या उलट बाजूला टेकडी आणि कठड्यातलं झाड. सातवाहनांच्या काळातले राजे हे, आणि यांची नाणी इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालीत. त्याच टेकडीवर रोमन जगातनं आलेली ब्राँझची भांडी आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती मिळाली, ती मूर्ती टाऊन हॉल म्युझियममधे आहे, रविवारी जाऊन बघून ये. म्हणजे तुर्कस्तानातलं नाणं आणि पंचगंगेकाठचं नाणं एका डब्यात, च्यायला भारीच! मामाला नीट विचार, आजोळच्या कुणाला नदीकडं सापडलं होतं का.

कायद्याचं तेवढं बघ, शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तूत येतं, १९७२ च्या कायद्यानं बाहेरच्या देशात पाठवता येत नाही, आणि धंदा म्हणून विकायला लायसन लागतं. जमिनीत सापडलेलं असेल तर कलेक्टरना कळवायचा नियम १८७८ पासनं आहे.

रंकाळा_फेरी:
दोन नंबरच्या कडेला शिवण आहे, भिंग न लावताच दिसतीय 😄 मामाला अजून सांगितलेलं नाही. एक नंबरवर 'इउन नोब सी' वाचता येतंय म्हणजे पोरगा. तीन नंबरच्या उलट बाजूला झाड आहे पण अक्षरं घासलीत, फोटो कसा काढू?

ब्रह्मपुरीचा_आवाज:
फ्लॅश बंद, बॅटरी एका बाजूनं आडवी धर, नाणं फिरवत चार-पाच फोटो काढ. ब्राह्मी आडव्या उजेडातच उठते. शेजारी फूटपट्टी ठेव आणि वजनबी लिही.

नाणेवेडा_शाहूपुरी:
आणि ते शिशाचं घासून विकायचा विचार असेल तर आधी इथं सांग, कुणालाही देऊ नकोस 😅