मदत हवी आहे: सिस्टरबाईंना नाताळची भेट काय द्यावी? (परतवाडा-अचलपूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात एक सिस्टरबाई राहतात. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झाल्या, पंचाहत्तरी ओलांडली. माझ्यासकट गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातची. दर नाताळाला त्यांच्याकडून करंज्या-अनारशांचा डबा येतो आणि आम्ही त्यात साखर घालून परत करतो, एवढाच आमचा नाताळ. यंदा गल्लीनं वर्गणी काढली, १,५०० रुपये जमले आणि खरेदी माझ्या गळ्यात पडली.

काल परतवाड्याला गेले ती दिवेलागणीपर्यंत हिंडत होते. गिफ्टच्या दुकानात लाफिंग बुद्धा, ताजमहाल आणि 'बेस्ट मॉम'चे मग. ख्रिसमसचं काही दाखवा म्हटलं तर दुकानदारानं सेलवर कंबर हलवणारा सांता काउंटरवर सोडला. "हा पाहा न ताई, लय चालू राह्यला." तो चालत चालत काठावरून खाली पडला आणि उताणा पडूनही गातच होता. दुसरीकडे चांदणी मागितली तर दिवाळीतला उरलेला आकाशकंदील पुढे आला. खोक्यावरच्या 'शुभ दीपावली'वर किमतीची नवी चिठ्ठी, तीही ४० रुपये वाढवून!

साडी-स्वेटर सुचवू नका. मागे साडी दिली होती, ती आठवड्यात शेजारच्या सुनेच्या अंगावर दिसली. दुसऱ्याला देताच येणार नाही असं काहीतरी हवंय.

त्यांना वाचनाची आवड, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर लागत नाही. एका हातात भिंग, दुसऱ्या हातानं पान दाबून धरायचं, असं शास्त्र (बायबल) वाचतात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ आहेत, तांदूळ निवडताना गुणगुणत असतात. मोबाइल बटणांचा. मोठ्या अक्षराचं मराठी शास्त्र अमरावतीपर्यंत कुठे मिळेल? की भजनं वाजवणारा एखादा डबा घ्यावा? २५ तारखेच्या आत हातात पडायला हवं.

वऱ्हाडी_ठेचा: पडूनही गाणारा सांता म्हणजे माल पक्का, घेऊन टाका न बाप्पा 😀
गंमत सोडा. मोठ्या अक्षराचं शास्त्र बायबल सोसायटी छापते. गिफ्टच्या दुकानात कायले शोधता, चर्चच्या पाळकसाहेबांना विचारा. पण ते जाड असते, म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर पेलवत नाही. अचलपुरात कुराण ठेवायची लाकडी घडीची रेहल पाहा. पोथीलाही तीच चालते. पुस्तक उघडं राहते, दोन्ही हात मोकळे.

संत्रावाला: डब्याला माझं मत. कार्ड टाकायचा स्पीकर घ्या, कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच, त्याहून मोठं पुष्कळ स्वस्त स्पीकर वाचत नाहीत. गाण्यांच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे टाका, नाहीतर क्रम भलताच लागतो. चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या, बोटाला लागतो. आणि भजनं त्यांच्याच मंडळीतल्या लोकांकडून मोबाइलवर गाऊन घ्या. ओळखीच्या आवाजाचं कार्ड त्या कोणाला देतात पाहू!

धुसर_चष्मा: भिंगच घ्यायचं झालं तर कमी पॉवरचं, मोठ्या काचेचं घ्या. पॉवर वाढली की एका वेळी दोनच शब्द दिसतात. पण त्याआधी एक विचारते, ऑपरेशननंतर सुरुवातीला नीट दिसत होतं का? तेव्हा दिसायचं आणि आता धूसर झालं असेल तर आत बसवलेल्या भिंगामागच्या पातळ पापुद्र्यावर जाळी आलेली असू शकते. माझ्या सासूबाईंना तेच झालं होतं. लेसरनं काही मिनिटांत मोकळं केलं, दवाखान्यात राहावं लागलं नाही. जाळी नसेल तर जवळचा नंबर बदलला असेल. डोळे तपासल्याशिवाय पैसे खर्चू नका.

धागाकर्ती: @धुसर_चष्मा, हो, पहिली दोन-तीन वर्षं त्या सुईत दोरा ओवायच्या! हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पण त्यांना डॉक्टरकडे नेणार कोण? अख्ख्या गावाला सुया टोचलेली बाई, आमचं ऐकते थोडीच. पाळकसाहेबांकरवी निरोप धाडून पाहते, त्यांच्याकडे शास्त्राची चौकशीही होईल.

रेहल मात्र नक्की. अचलपुरात नेमकी कोणत्या गल्लीत मिळते? आणि गाणी कार्डात भरून देणारं परतवाड्यात कोणी आहे का? आमच्या गावच्या मोबाइलवाल्याकडे फक्त डीजेची गाणी आहेत.